उतरण्याचा हिशोब

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसलो होतो. "मामा, जादूगार घेऊन खेळताच येत नाही. त्या कोळ्यानं मला सहा वेळा मारलं. मी आता नव्यानं सुरू करते आणि तलवार घेते." एवढं बोलून तू फोन ठेवलासही. त्याच कोळ्यानं मलाही मारलं होतं, ब्लीक फॉल्स बॅरोच्या त्याच जाळ्यांनी भरलेल्या खोलीत, स्कायरिम बाजारात आलं त्या २०११ सालच्या डिसेंबरात. तलवार घेऊ नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांब.

आधी कोळ्याचं बघू, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. जाळं जाळून तू आत पाऊल टाकतेस आणि तो छतावरून खाली येतो. तू तिथेच उभी राहून दोन्ही हातांनी आग सोडतेस, अर्ध्यात मॅजिका, म्हणजे मंत्रांची ताकद, संपते, आणि मग पळायला कोपरा शोधतेस. त्याऐवजी तो खाली आला की लगेच पाठ फिरव आणि ज्या बोळातून आलीस त्याच बोळात परत जा. तो अंगानं एवढा मोठा आहे की त्या दारात मावत नाही. दाराशी येऊन अडकला की फ्लेम्स सोड. मॅजिका संपत आली की भिंतीआड सरक, म्हणजे तो थुंकतो ते विष लागत नाही. मॅजिका भरू दे. पुन्हा दारात ये. वेळ लागेल, लागू दे. पाठ फिरवून पळ, उलट्या पावलांनी मागे सरकू नकोस. उलटं चालणं सावकाश होतं आणि जादूगाराला ते परवडत नाही.

म्हणजे आत शिरण्याआधी बाहेर कसं पडायचं ते ठरवायचं. हे मी शोधून काढलेलं नाही. हे मला तुझ्या आईनं शिकवलं.

तुला हे कुणी सांगितलं नसेल. तुझी आई २००३ मध्ये, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, आमच्या घरच्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर मोरोविंड खेळायची. स्कायरिमच्याच घराण्यातला हा आधीचा खेळ, २००२ चा. मधे २००६ मध्ये ऑब्लिव्हियन येऊन गेला. मी दहावीत होतो आणि ताईच्या मागे स्टुलावर बसून बघायचो. मोरोविंडमध्ये कुठे जायचं ते दाखवणारा बाण नसायचा. माणसं तोंडी पत्ता सांगायची: पूल ओलांडा, डावीकडची वाट धरा, दोन दगडांच्या मधून वर चढा. ताई ते सगळं एका दोनशेपानी वहीत उतरवून घ्यायची. त्याच वहीत मागच्या बाजूनं मंत्रांच्या किमती लिहिलेल्या होत्या, कारण त्या खेळात जादूगाराचं जगणं फार कष्टाचं. मॅजिका आपोआप भरायचीच नाही. झोप काढायची, नाहीतर औषध प्यायचं. वर मंत्र फसायचासुद्धा. मॅजिका गेलेली असायची आणि हातातून काहीच निघायचं नाही.

त्या खेळात सेडा नीन नावाचं पहिलं गाव लागतं. गावाबाहेर पडून रस्त्याला लागलं की वरून किंकाळी ऐकू येते आणि एक माणूस आभाळातून पडून तुमच्यासमोर मरतो. टारहिएल त्याचं नाव. त्याच्यापाशी एक रोजनिशी आणि तीन गुंडाळ्या सापडतात. उडीचा मंत्र त्यानं स्वतः तयार केलेला. गुंडाळी वाचली की सात सेकंदांसाठी उड्या मारायचं कौशल्य १००० नं वाढतं आणि माणूस एका झेपेत डोंगर ओलांडून जातो. वर जाताना सगळं छान. फक्त ते सात सेकंद खाली पोचायच्या आधीच संपतात. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. ताई हसली नाही. ती म्हणाली, "ह्यानं वर जायचा हिशोब केला, उतरायचा केला नाही. जादूगार असेच मरतात."

तो कानमंत्र मी गेली वीसेक वर्षं जपलाय. आता तो तुला देतोय, स्कायरिमच्या भाषेत.

तू हाय एल्फ घेतलीस, म्हणजे तुझ्याकडे सुरुवातीला १०० ऐवजी १५० मॅजिका आहे. फायरबोल्टची मूळ किंमत ४१. कौशल्य वाढेल तशी ती उतरते, पण आत्ता ४१ च धरून चल. तीन फायरबोल्ट म्हणजे १२३. उरले २७. चौथ्यासाठी १४ कमी पडतात. आता बघ, एरवी मॅजिका सेकंदाला तीन टक्के भरते, म्हणजे तुझी साडेचार. पण लढाई सुरू असली की तो वेग एक तृतीयांश होतो, म्हणजे दीड. चौथ्या फायरबोल्टसाठी तुला नऊ-दहा सेकंद थांबावं लागणार. कुऱ्हाड घेतलेला दरोडेखोर नऊ सेकंदांत सगळी खोली पार करतो. तिसरा फायरबोल्ट सुटतो तेव्हाच तुला माहीत हवं की ते दहा सेकंद तू कुठे काढणार आहेस. खांबामागे? जिन्यावर? सोबत्याच्या पाठीशी? उत्तर नसेल तर पहिलाही टाकू नकोस.

दोन हातांत एकच मंत्र घेऊन एकत्र टाकायचा पर्क, म्हणजे खास कसब, तुला लवकरच दिसेल. मोह होईल, कारण दिसायला तो फार देखणा आहे. पण हिशोब कर: ताकद २.२ पट होते, खर्च २.८ पट. निव्वळ तोट्याचा व्यवहार. तो फायद्याचा होतो डिस्ट्रक्शन, म्हणजे आग-बर्फ-विजेची विद्या, ४० झाल्यावर, जेव्हा इम्पॅक्ट नावाचा पर्क मिळतो. मग असा दुहेरी मंत्र लागला की समोरचा लडखडतो, आणि तो सावरतोय तोवर दुसरा मंत्र तयार असतो. इम्पॅक्ट हाती येईपर्यंत एका हातात हल्ला आणि दुसऱ्यात हीलिंग ठेव.

लेव्हल वाढली की दहा गुण कुठे घालायचे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझा नेम साधा आहे: दोनदा मॅजिका, मग एकदा हेल्थ. सगळं मॅजिकात ओतणारे जादूगार दहाव्या-बाराव्या लेव्हलला एका बाणात पडताना मी पाहिलेत. आणि एक युक्ती, जी मला फार उशिरा कळली. लेव्हल वाढल्याची सूचना आली तरी ती लगेच घ्यावी लागत नाही. तशीच राखून ठेव. लढाईच्या मध्यात मॅजिका आणि हेल्थ दोन्ही तळाला गेले की कौशल्यांचं पान उघडून लेव्हल घे. मॅजिका, हेल्थ आणि दम, तिन्ही पट्ट्या पूर्ण भरतात. तुझ्या जातीची हायबॉर्न ही शक्तीही अशीच राखायची आहे. दिवसातून एकदा, ६० सेकंद मॅजिका भराभर भरते. नव्या खेळाडूंना ती आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं.

हेल्गनहून रिव्हरवुडला येताना वाटेत तीन उभे दगड लागतात. त्यातल्या मेज स्टोनला हात लाव, जादूची कौशल्यं २० टक्के जलद वाढतात. पुढे दलदलीच्या मुलखात अप्रेंटिस स्टोन भेटेल. तो मॅजिका भरण्याचा वेग दुप्पट करतो, पण शत्रूची जादूही तुला दुप्पट लागायला लागते. तिथे थांबू नकोस.

आता आग, बर्फ आणि वीज. ही निवड रंगावरून करू नये. फायरबोल्ट ४१, आइस स्पाइक ४८, लाइटनिंग बोल्ट ५१, आणि तिघांचाही मूळ घाव सारखाच, २५ चा. आग स्वस्त आहे आणि लागल्यावर थोडा वेळ जळतही राहते. बर्फ समोरच्याचा वेग कमी करतो, त्याचा दमही काढतो. अस्वल, वाघासारखा सेबर कॅट किंवा ढालतलवारीचा ऑर्क अंगावर येत असेल तर बर्फासारखं काही नाही. पण स्कायरिम हा नॉर्ड लोकांचा मुलूख, आणि नॉर्डांना बर्फ निम्माच लागतो. थडग्यांमधून उठणाऱ्या मेलेल्यांना, म्हणजे ड्रॉगरांनाही, निम्माच. म्हणजे ज्या दोघांशी तुझी सर्वांत जास्त गाठ पडणार त्यांच्यावरच बर्फ वाया जातो. म्हणून सुरुवातीला आग. डार्क एल्फ दिसला तर मात्र आग आवर, तिचा त्याच्यावर निम्माच परिणाम. वीज महाग, पण ती हवेत रेंगाळत नाही; टाकली की त्याच क्षणी लागते. उडत्या ड्रॅगनवर फायरबोल्ट नेम धरून सोडायचे म्हणजे त्याचं पुढचं वळण ओळखावं लागतं, तिथे वीज घे. समोर दुसरा जादूगार असेल तरीही वीज, कारण ती घावाच्या निम्मी मॅजिकाही काढून घेते. त्याचा हिशोब आपण बिघडवायचा. ट्रोल दिसला की दुसरा विचार नको, आग. हाय ह्रॉथगारच्या सात हजार पायऱ्यांवर एक बर्फाळ ट्रोल बसलेला असतो. त्याच्यासाठी मॅजिका भरलेली ठेवूनच ते वळण घे.

माझ्या मते जादूगाराची खरी लढाई दार उघडण्याआधी होते. तलवारवाला आत शिरून परिस्थिती बघतो. आपल्याला ती चैन नाही. फ्लेम ॲट्रोनाख ही लढणारी आगीची आकृती बोलावण्याचा मंत्र घेतलास की त्याचं गणित नीट बघ. मूळ किंमत १५०, म्हणजे तुझी सगळी मॅजिका. लढाईत बोलावलीस तर ॲट्रोनाख लढेल आणि तू रिकाम्या हातानं बघत राहशील. पण ती ६० सेकंद टिकते. लढाई नसताना रिकामी मॅजिका पूर्ण भरायला साधारण ३३ सेकंद लागतात. दाराबाहेर बोलाव, ३३ सेकंद थांब, मग आत जा. तुझ्याकडे भरलेली मॅजिका आणि २७ सेकंदांचा सोबती, दोन्ही असतील. कॉन्जुरेशन, म्हणजे बोलावण्याची विद्या, २५ वर नेऊन अप्रेंटिसचा पर्क घेतलास की किंमत निम्मी होते आणि मग ही कसरत सोपी जाते. ती मरताना फुटते आणि जवळच्यांना भाजते, म्हणून तिला तिच्यापुरती जागा दे.

ओकफ्लेशही तसंच, दार उघडण्याआधी. साधा झगा घालणाऱ्यासाठी ते ४० चं चिलखत आहे, आणि ऑल्टरेशनमधला मेज आर्मर पर्क घेतला की दुप्पट, पुढे तिप्पट. अट एकच: अंगावर खऱ्या चिलखताचा एकही तुकडा नको. "बूट तेवढे लोखंडी ठेवते" म्हणशील तर सगळा पर्क फुकट जाईल.

थडग्यांमध्ये जमिनीवर काळपट ओल दिसते, ती तेलाची असते. काही ठिकाणी त्यावर जळते दिवे टांगलेले असतात. ड्रॉगरांना त्या तेलावर येऊ दे आणि मग एकदाच आग टाक. हे मला पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

व्हाइटरन शहराच्या बाजूचा पहिला ड्रॅगन मारलास की लिडिया सोबतीला मिळते. तिला चांगलं जड चिलखत दे आणि पुढे राहू दे. ती आणि शत्रू एकमेकांना भिडले की फायरबॉल विसर. तो फुटतो तेव्हा आपलं-परकं बघत नाही. हीलिंग हँड्स शीक आणि तिला बरं करत राहा. वस्तीत तर हात फार सांभाळ. एक ठिणगी पहारेकऱ्याला लागली तरी तू गुन्हेगार होतेस. आणि पाण्यात पोहताना एकही मंत्र टाकता येत नाही, हे नदीत उडी मारण्याआधी आठव.

आता मला सर्वांत आवडणाऱ्या विद्येकडे येतो. इल्यूजन. तू हाय एल्फ आहेस, म्हणजे फ्युरी हा मंत्र तुझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे; तू तो बहुतेक उघडूनही बघितला नसशील. रिव्हरवुडजवळ एम्बरशार्ड नावाची खाण आहे, दरोडेखोरांनी भरलेली. तिथे वरच्या अंधारात वाकून बस. खाली दोघे-तिघे असतील तर एकावर फ्युरी टाक आणि मागे हो. तो आपल्याच माणसावर तुटून पडतो. उरलेल्यातला जखमी तेवढा तुझ्या वाट्याला येतो. खर्च एका मंत्राचा. पुढे इल्यूजन ५० झालं की क्वाएट कास्टिंग घे. मग आगीचा मंत्रसुद्धा आवाज न करता सुटतो, आणि सगळ्या गुहेला तू कुठे आहेस ते कळतच नाही. मर्यादाही सांगतो. फ्युरी सहाव्या लेव्हलपर्यंतच्यांवरच चालते, वरच्यांसाठी पुढचे मंत्र आणि पर्क लागतात. आणि ड्रॉगरांवर किंवा ड्वार्व्हन यंत्रांवर इल्यूजन चालत नाही, थेट मास्टर ऑफ द माइंड हा शेवटाकडचा पर्क घेईपर्यंत. तरीही शिकच. आग शत्रूला मारते. इल्यूजन मुळात लढाईच होऊ देत नाही, आणि जो जादूगार लढाई टाळू शकतो त्याची मॅजिका कायम भरलेली असते.

विंटरहोल्डच्या कॉलेजात कोलेट मारेन्स नावाच्या बाई रेस्टोरेशन शिकवतात. आपल्या विद्येला कुणी मान देत नाही अशी त्यांची तक्रार असते. मला त्यांचं म्हणणं पटतं. रेस्टोरेशन म्हणजे जखमा भरणं एवढंच समजतात सगळे, पण त्यातच रिकव्हरी हा पर्क आहे: मॅजिका २५ टक्के, पुढे ५० टक्के जलद भरते. वर सांगितलेले ते दहा सेकंद कमी करणारी गोष्ट या विद्येत आहे, डिस्ट्रक्शनमध्ये नाही. रेस्पाइट घेतलास तर बरं होताना दमही भरतो, म्हणजे पळता येतं.

कॉलेजात कधी जायचं? लवकर. व्हाइटरनच्या किल्ल्यात फेरेंगर मंत्रांच्या पोथ्या विकतो, तेवढ्यावर दहाएक लेव्हल निघतात, पण पाचही विद्यांचे गुरू एका अंगणात मिळतात ते विंटरहोल्डलाच. गाडी करून जा. पायी गेलीस तर बर्फात लांडगे आणि आइस रेथ गाठतील. गाव बघून तुला वाईट वाटेल. थोडी घरं, पडकी जोती, आणि पुढे सरळ कडा. चौथ्या युगाच्या १२२ व्या वर्षी समुद्रानं ते शहर गिळलं, आणि तुझा खेळ सुरू होतो २०१ मध्ये. एवढ्या वर्षांनंतरही गावातले लोक कॉलेजकडेच बोट दाखवतात, कारण सगळं कोसळलं आणि कॉलेज तेवढं उभं राहिलं. नॉर्ड लोक जादूकडे संशयानं का बघतात ते त्या कड्यावर उभं राहिलं की कळतं. तिथे थोडा वेळ थांब, घाई करू नकोस. पुलाच्या तोंडाशी फराल्डा तुला एखादा मंत्र टाकून दाखवायला सांगेल. येत नसेल तर ३० नाण्यांना विकतही देईल, तेव्हा तेवढे पैसे कमरेला असू देत. आत टॉल्फडिर पहिल्याच धड्यात वॉर्ड शिकवतात, समोरून आलेली जादू अडवणारी ढाल. लोक तो धडा उरकतात. तू वॉर्ड धरायला नीट शीक, ड्रॅगनची आग त्यानं अडते. पुढची गोष्ट मी सांगणार नाही, ती तुझी तू बघ.

पैशांचं सांगायचं राहिलं. पोथ्या महाग असतात आणि जादूगार कायम कडका. व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्प हा दरोडेखोरांचा तळ आहे, तिथे ट्रान्सम्यूटची पोथी मिळते. लोखंडाच्या खनिजाची चांदी, चांदीचं सोनं. त्याच्या अंगठ्या घडव, त्यांवर छोटे एन्चँटमेंट चढव आणि मग विक. ऑल्टरेशन वाढतं, एन्चँटिंग वाढतं आणि पिशवीही भरते. मात्र एक धोका: शत्रू तुझ्या एकूण लेव्हलप्रमाणे तगडे होतात. नुसत्या अंगठ्या घडवून लेव्हल चढवलीस आणि डिस्ट्रक्शन तिथेच राहिलं, तर बाहेर पडल्यावर कळेल. दोन्ही हातात हात घालून वाढव.

एन्चँटिंगबद्दल, म्हणजे वस्तूंवर जादू चढवण्याबद्दल, थोडं जास्त सांगतो, कारण शेवटी सगळे जादूगार तिथेच पोचतात. डिस्ट्रक्शनचे मंत्र कौशल्यानं जास्त जोरात लागत नाहीत, फक्त स्वस्त होतात. म्हणून स्वस्ताईच आपली ताकद. दुकानात किंवा गुहेत डिस्ट्रक्शनचा खर्च कमी करणारी अंगठी वा गळ्यातलं मिळालं तर घालू नको, एन्चँटरच्या मेजावर मोड. वस्तू जाते, विद्या राहते. फेरेंगरच्या खोलीतलं मेज फुकट वापरता येतं. एन्चँटिंगला पकडलेले जीव लागतात, म्हणून सोल ट्रॅप लवकर शीक आणि ते साठवायला रिकामे सोल जेम जमव, पण मोठ्या जेममध्ये लांडग्याचा जीव अडकू देऊ नकोस. लहान जेम सोबत असले की लहान जीव त्यांत जातात. एन्चँटिंग १०० आणि त्याचे पर्क झाले की एका वस्तूवर २५ टक्के सूट चढवता येते. शिरोभूषण, झगा, अंगठी, गळ्यातलं. चार पंचवीस शंभर. मग डिस्ट्रक्शन फुकट.

हे कर, पण सावकाश कर. मी २०१२ च्या उन्हाळ्यात तिथवर पोचलो, दोन दिवस सगळ्या डोंगरांवर आग ओकत फिरलो, आणि तिसऱ्या दिवशी मला खेळावंसं वाटेना. मोजायलाच काही उरलं नव्हतं. मग मी नवा जादूगार काढला, ब्रेटन, आणि एन्चँटिंगला हातच लावला नाही. त्याला जगवायला मी दुसरी वाट धरली, जादू न लागण्याची. ब्रेटनला जन्मतः २५ टक्के जादूप्रतिकार. ऑल्टरेशनच्या पर्कमधून ३०. लॉर्ड स्टोनचे २५. आणि रिफ्टनच्या मारादेवीच्या मंदिरात दुरावलेल्या प्रेमिकांना जवळ आणण्याचं एक काम असतं, ते पूर्ण केलं की कायमचे १५. बेरीज ९५ होते, खेळ ८५ च्या पुढे धरत नाही. शंभर तासांहून जास्त त्या ब्रेटनबरोबर काढले मी, आणि तेच तास मला आठवतात. मंदिराचं काम तूही कर, हाय एल्फलाही १५ टक्के थोडे नाहीत. त्यात एकही लढाई नाही.

गुंडाळ्या आणि दंड विकू नकोस. गुंडाळीला मॅजिका लागत नाही, कौशल्य लागत नाही. दंड स्वतःच्या ताकदीवर चालतो. दोन फायरबॉलच्या गुंडाळ्या पिशवीच्या तळाशी कायम असू देत. मॅजिकाची औषधंही घरीच होतात. विंडहेल्मच्या दक्षिणेला गरम झऱ्यांचं माळरान आहे, तिथे जमिनीवर पसरलेली क्रीप क्लस्टर मिळते. ती आणि रेड माउंटन फ्लॉवर एकत्र केलंस की झालं.

सेव्ह करण्याबद्दल एकच. आमच्याकडे तेव्हा भारनियमन होतं आणि इन्व्हर्टर नव्हता. लॅबिरिंथियनच्या आत तीन तास घालवले आणि दिवे गेले. तेव्हापासून मी वेगळं सेव्ह ठेवतो, दर मोठ्या दाराबाहेर, मॅजिका भरलेली असताना. क्विकसेव्हवर विसंबू नकोस. बाण हवेत असताना ते बटण दाबलं तर तू तोच बाण पुन्हा पुन्हा खात राहशील.

आणि आता उरलेली गोष्ट. त्या तीन गुंडाळ्यांचं ताईनं काय केलं, हे तू विचारशीलच. मी त्यातली एक वाचायला लावली होती, हट्टानं, आणि आम्ही टारहिएलसारखेच पडून मेलो. ताईनं जुनं सेव्ह उघडलं, वही काढली आणि विचार करत बसली. संध्याकाळी ती मला म्हणाली, "बस इथे, बघ." तिनं पहिली गुंडाळी वाचली आणि उडी मारली. अख्खं बेट खालून सरकत गेलं, ढग, तळी, राखेचे डोंगर. सात सेकंद संपले. ती काहीच करत नव्हती. जमीन जवळ यायला लागली, मी तिचा दंड धरला, आणि अगदी शेवटच्या क्षणी तिनं दुसरी गुंडाळी वाचली. कौशल्य पुन्हा १००० नं वाढलं आणि आम्ही उतरलो, एक ओरखडाही न येता. दुसरी गुंडाळी वाचली तो क्षण तिनं वहीत सेकंदांत लिहून ठेवलाय.

तिसरी गुंडाळी तिनं खेळ संपेपर्यंत वापरली नाही. एकट्या गुंडाळीनं उडता येतं, उतरता येत नाही. वही तुमच्या घरी वरच्या कपाटात, तिच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांखाली असेल. मागून उघड.